कपाटावरची रॅकेट

आमच्या घरात आम्ही दोघंही शिक्षक. त्यामुळे हे लिहिणारा हात एकाचा असला, तरी बोलणं दोघांचं आहे. यात जी चूक सांगायची आहे तीही दोघांची आहे, म्हणून सुरुवातीपासूनच 'आम्ही' म्हणतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी आम्ही लेकीची टेनिसची रॅकेट कव्हरमध्ये घालून कपाटावर ठेवली. तिथे जादा रजया असतात, लग्नकार्याला लागणारी मोठी पातेली असतात, म्हणजे रोज न लागणाऱ्या वस्तू. लेक नववीत जाणार होती. "दहावी होऊ दे, मग बघू," आम्ही म्हणालो. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती काहीच बोलली नाही, आणि आम्हाला वाटलं की तिला पटलं.

खरं कारण दहावी हे एकच नव्हतं. ती तीन वर्षं दुहेरी खेळत होती, आणि तिची जोडीदार आमच्याच मोहल्ल्यातली, मागच्या गल्लीतली मुलगी होती. दोघी एकाच स्कूटीवर मागे बसून कोर्टवर जायच्या, एकाच डब्यातलं खायच्या. आठवीची परीक्षा झाली आणि त्या मुलीचं येणं बंद झालं. घरून निरोप आला, "आता मोठी झाली, पुरे झालं." जोडीच उरली नाही, मग आपली मुलगी खेळणार कुणाबरोबर? आम्हाला आयतं निमित्त मिळालं.

आठ-दहा दिवसांनी रात्री दस्तरखानावर लेकीने सहज विचारावं तसं विचारलं, "अब्बू, सानिया मिर्झा नववी-दहावीच्या वयाची होती तेव्हा तिची रॅकेट कुठे होती?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वर्गात एखाद्या मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसलं, तर "उद्या बघून सांगतो" म्हणायची आम्हा शिक्षकांना सवय असते. तेच म्हणालो, आणि खरोखरच बघायला बसलो. सानियाचं नाव कुणाला माहीत नाही? पण नाव माहीत असणं वेगळं आणि तिची वाटचाल वर्षावर्षाने पाहणं वेगळं, हे त्या रात्री कळलं.

सानियाचा जन्म १५ नोव्हेंबर १९८६ चा, आणि तोही आपल्या मुंबईतला. नंतर कुटुंब हैदराबादला गेलं आणि ती तिथेच वाढली. सहा वर्षांची असताना अम्मी नसीमा तिला टेनिस शिकवायला घेऊन गेल्या. प्रशिक्षकांना ती फार लहान वाटली, ते घ्यायला तयार नव्हते. आईने हट्ट धरला. पुढे वडील इम्रान मिर्झा यांनीच बरीच वर्षं तिला शिकवलं. आईने कोर्टचं दार उघडून घेतलं आणि वडील आत उभे राहिले. कुणी कुणाच्या भरवशावर सोडून दिलं नाही.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर २००२ मध्ये मिळालं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दक्षिण कोरियातल्या बुसान इथे आशियाई खेळ झाले. तिथे सानियाने लिअँडर पेसबरोबर मिश्र दुहेरीत कांस्यपदक मिळवलं. तेव्हा तिला सोळा वर्षंही पूर्ण झालेली नव्हती, सोळावं वर्ष चालू होतं. म्हणजे ज्या वयात आम्ही रॅकेट कपाटावर ठेवत होतो, त्या वयात तिची रॅकेट तिच्या हातात होती आणि ती देशासाठी खेळत होती.

पुढचं वर्ष २००३. विम्बल्डनमध्ये मोठ्यांच्या स्पर्धेबरोबरच अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची ज्युनियर स्पर्धा होते. सोळा वर्षांची सानिया मुलींच्या दुहेरीत रशियाच्या अलिसा क्लेबानोवाबरोबर उतरली. अलिसा तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती. अंतिम सामन्यात समोर चेक प्रजासत्ताकाची कातेरिना बोहमोवा आणि नेदरलँड्सची मिकाएला क्रायचेक होत्या. पहिला सेट सानिया-अलिसा २-६ असा हरल्या. पुढचे दोन ६-३, ६-२ असे जिंकून ज्युनियर विजेत्या झाल्या. आपल्याकडच्या मुलांनी असे ज्युनियर मान आधी मिळवले होते. रामनाथन कृष्णन यांनी १९५४ मध्ये, त्यांचे पुत्र रमेश यांनी १९७९ मध्ये आणि लिअँडर पेस यांनी १९९० मध्ये विम्बल्डनचं ज्युनियर एकेरी विजेतेपद जिंकलं. भारतीय मुलीने ज्युनियर ग्रँड स्लॅम जिंकण्याची मात्र ती पहिलीच वेळ होती.

इथे दुहेरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. टेनिसचं एकेरीचं कोर्ट २७ फूट रुंद असतं, दुहेरीत ते ३६ फूट होतं. दोन्ही कडांच्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या खेळात येतात. जागा नऊ फुटांनी वाढते आणि माणूस एकाने वाढतो. हिशेब फायद्याचा वाटतो, पण नवीन जोडी सगळ्यात जास्त गुण कुठे गमावते माहीत आहे? कडेला नाही, अगदी मध्ये. चेंडू दोघींच्या मधून येतो. हिला वाटतं ती घेईल, तिला वाटतं ही घेईल. दोघी जागच्या जागी उभ्या, आणि चेंडू मधून निघून जातो. म्हणून कोच मुलींना पहिल्या दिवसापासून ओरडायला शिकवतात. चेंडू आपला असेल तर "मेरा!" म्हणायचं, नसेल तर "तेरा!" म्हणायचं. गप्प राहायचं नाही.

आमच्या लेकीने हे आम्हाला तीन वर्षांत शंभर वेळा सांगितलं असेल. आम्ही हसून ऐकलं होतं.

ज्युनियर विजेतेपद ही नुसती उंबरठ्यावरची पायरी आहे, हेही सानियाच्या पुढच्या वर्षांत दिसलं. २००४ मध्ये तिने लीझल ह्युबरबरोबर हैदराबाद ओपनची दुहेरी जिंकली. २००५ मध्ये त्याच गावात एकेरी जिंकली, आणि व्यावसायिक दौऱ्यावरची एकेरी स्पर्धा जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये ती चौथ्या फेरीपर्यंत गेली. २००७ मध्ये एकेरीच्या जागतिक क्रमवारीत २७ व्या स्थानावर पोहोचली. मग मनगटाने दगा दिला. २००८ मध्ये शस्त्रक्रिया झाली, बीजिंग ऑलिंपिकमधला सामना अर्धवट सोडावा लागला. शेवटी २०१३ मध्ये तिने एकेरी बंद केली आणि पुन्हा दुहेरीकडे वळली, जिथून तिचं नाव झालं होतं तिथेच.

एखाद्याला वाटेल, ही माघार झाली. पण १३ एप्रिल २०१५ ला ती दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये मार्टिना हिंगीसबरोबर विम्बल्डनच्या महिला दुहेरीचा अंतिम सामना झाला. समोर एकातेरिना माकारोवा आणि एलेना व्हेस्निना या रशियन जोडीने पहिला सेट घेतला. दुसरा सानिया-मार्टिनाने टायब्रेकवर मिळवला. तिसऱ्यात त्या २-५ ने मागे होत्या. तिथून त्यांनी ५-५ केली. अंधार झाल्यामुळे छत बंद करून दिवे लावले गेले, आणि ७-५ ने सामना संपला. २००३ मध्ये मुलींचं विजेतेपद आणि २०१५ मध्ये महिलांचं. एकाच ठिकाणच्या या दोन विजयांत बारा वर्षं आहेत. एवढ्या वर्षांत मूल पहिलीत जाऊन बारावी पास होतं.

ती त्यानंतरही थांबली नाही. २०१८ मध्ये मुलगा झाला. जानेवारी २०२० मध्ये ती परत कोर्टवर उतरली आणि पहिल्याच स्पर्धेत, ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला, नादिया किचेनोकबरोबर दुहेरी जिंकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत शेवटचा सामना खेळली. दुहेरीची ४३ विजेतेपदं आणि महिला व मिश्र दुहेरी मिळून सहा ग्रँड स्लॅम, असा तिचा हिशेब आहे.

आणि ती तेरा वर्षांची अलिसा? तिचं पुढे काय झालं हे आम्हालाही माहीत नव्हतं. ती एकेरीत जगातल्या पहिल्या वीसमध्ये पोहोचली. २०११ मध्ये तिला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग असल्याचं निदान झालं. उपचार घेतले, पुन्हा उभी राहिली, आणि २०१३ मध्ये महिला टेनिसचा पुनरागमनाचा पुरस्कार तिला मिळाला. विम्बल्डनच्या त्या दुपारी एकाच चषकाला हात लावणाऱ्या दोन मुलींच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या. हे वाचताना लेक गप्प झाली. मग म्हणाली, "दोघींना पुढचं काहीच माहीत नव्हतं ना तेव्हा? त्या फक्त तो सामना खेळत होत्या."

आम्ही मात्र दहावीचा, बारावीचा, लग्नाचा असा सगळा पुढचा सामना आजच खेळून बसलो होतो.

आता एक गोष्ट टाळून चालणार नाही. सानियाचं नाव निघालं की आपल्या घरांत पोशाखाचा विषय निघतोच. २००५ मध्ये त्यावरून मोठा वाद झाला होता. आमच्या घरातही तेव्हा दोन मतं होती आणि आजही आहेत. आमच्या अम्मीजान, म्हणजे लेकीच्या दादी, यांना तो पोशाख पटत नाही, आणि त्या ते स्पष्ट बोलतात. पण त्याच अम्मीजान पुढे असंही म्हणाल्या, "कपड्यांचा प्रश्न दर्जी सोडवेल. त्यासाठी खेळ कशाला बंद करता?" लेक पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि ट्रॅकपँट घालून खेळते, कुणी अडवत नाही. अमेरिकेची इब्तिहाज मुहम्मद हिजाब घालून तलवारबाजी खेळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सांघिक कांस्यपदक घेऊन आली. ट्युनिशियाची ओन्स जाबेर २०११ मध्ये फ्रेंच ओपनची ज्युनियर विजेती होती, पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम फेरीत खेळली. कुणी कसं खेळावं हे ज्याचं त्याचं घर ठरवेल. पैगंबर साहेबांनी (स.) हजरत आयेशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती, एकदा त्या जिंकल्या आणि नंतर एकदा आप (स.) जिंकले, ही रिवायत आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ऐकून आपण मान डोलावतो, आणि घरी येऊन मुलीला "धावू नकोस" म्हणतो.

आमच्या शाळेतही आम्ही हेच वर्षानुवर्षं पाहत आलो. सहावी-सातवीच्या मुली खेळाच्या तासाला मैदानभर असतात. खो-खोत मुलांना भारी पडतात. नववीत त्याच मुली कडुलिंबाखाली दप्तर मांडीवर घेऊन बसलेल्या दिसतात. स्टाफरूममध्ये आम्ही म्हणतो, "पालक पाठवत नाहीत, आपण काय करणार?" पालकसभेत पालक म्हणतात, "शाळेनेच काही सांगितलं नाही, आम्हाला काय कळतं?" शाळेला वाटतं घर बघेल, घराला वाटतं शाळा बघेल. आईला वाटतं वडिलांनी नाही म्हटलंय, वडिलांना वाटतं आईला नको असेल. चेंडू मधून निघून जातो.

आम्ही तर शाळाही होतो आणि घरही. दोन्हीकडून आम्हीच उभे होतो, आणि तरी चेंडू मधून गेला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या गल्लीत लेकीच्या जोडीदाराच्या घरी गेलो. जाताना मनात एक भाषण तयार होतं. मुलींचं शिक्षण, आत्मविश्वास, वगैरे. आम्हाला वाटत होतं की घर जुन्या वळणाचं आहे, समजूत घालावी लागेल. चहा आला, बिस्किटं आली. मुलीचे वडील मोटर मेकॅनिक. हात पुसत येऊन बसले आणि आम्ही काही बोलायच्या आत म्हणाले, "सर, मॅडम, तुम्हाला वाटत असेल मी अडाणी आहे म्हणून बंद केलं."

आम्हाला नेमकं तेच वाटत होतं, म्हणून आम्ही चहाकडे पाहिलं.

त्यांनी एकेक गोष्ट सांगितली. संध्याकाळी कोर्टवरून निघायला साडेसात होतात. हिवाळ्यात तेव्हा काळोख असतो. आठवीपर्यंत आणायला मोठा भाऊ जायचा, तो आता कामाला पुण्याला गेला. गॅरेज रात्री नऊशिवाय बंद होत नाही. रॅकेटची तार तुटली की परत ओवून घ्यायला पैसे लागतात, आणि मागच्या वेळी मुलीने तुटल्याचं घरी सांगितलंच नव्हतं, मैत्रिणीच्या रॅकेटने खेळली. "ती लपवते हे कळलं तेव्हा मला जास्त लागलं," ते म्हणाले. "मग वाटलं, जे पुरवता येत नाही ते कशाला चालू ठेवायचं?"

यात मजहब कुठेच नव्हता. अज्ञानही नव्हतं. एक काळोखा रस्ता होता, एक तुटलेली तार होती, आणि हे कुणाला सांगायचं याचा संकोच होता. आमची लेक त्याच कोर्टवरून त्याच वेळी आमच्या स्कूटीवर घरी येत होती, आणि दुसऱ्या मुलीला आणायचं कोण, हे आम्ही तीन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. भाऊ होता तेव्हा तो आणत होता, पुढे कुणीतरी आणेलच असं आम्ही धरून चाललो.

भाषण मनातच राहिलं. आम्ही म्हणालो, "भाई, चूक आमची आहे. आम्ही विचारायला हवं होतं."

तिथेच बसून वेळ बदलायचं ठरलं. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी चारलासुद्धा कोर्टवर पाय ठेववत नाही. सकाळची वेळ तशीही चांगली. फजरनंतर निघायचं, साडेसातला परत. कोचना विचारलं, त्यांना आनंदच झाला. दुसरा प्रश्न सोबतीचा होता, तो अम्मीजानने सोडवला. म्हणाल्या, "मला डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलंच आहे." तेव्हापासून त्या बाकावर तस्बीह घेऊन बसतात. तार ओवायचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा करायचा, असं मुलीच्या वडिलांनीच सुचवलं. आम्ही सगळा द्यायला तयार होतो, पण त्यांनी ऐकलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. ती मुलगी आठवड्यातून दोनच दिवस येऊ शकते, बाकी दिवस घरातलं काम असतं. आमच्या लेकीचे पहिल्या घटक चाचणीत गणितात गुण कमी आले आणि रॅकेट पुन्हा कपाटावर ठेवावी की काय, असं आम्हाला दोनदा वाटलं. मोहल्ल्यात एक-दोघांनी टोमणेही मारले. पण रॅकेट आता दाराजवळच्या खुंटीला असते, छत्रीशेजारी.

आमची लेक सानिया होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे, तिलाही माहीत आहे. ज्युनियर स्पर्धांत खेळणाऱ्या हजारो मुलींमधून एखादीच पुढे जाते. आपल्या नागपूरचीच दिव्या देशमुख २०२४ मध्ये बुद्धिबळात ज्युनियर विश्वविजेती झाली आणि २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकली, तेव्हा "आपल्याकडे कुठे असं होतं" हे म्हणायची सोय आता राहिली नाही. पण आम्ही विजेती घडवायला निघालेलो नाही. पहिला सेट २-६ हरल्यावर दुसऱ्याला उभं राहता यावं, जोडीदार अडचणीत आहे हे ओळखता यावं, आणि आपला चेंडू असेल तेव्हा मोठ्याने "मेरा" म्हणता यावं, एवढं तिला आलं तरी आम्हाला खूप आहे. हे आम्ही तिला पुस्तकातून शिकवू शकलो नव्हतो. उलट तिच्याकडूनच शिकलो.

वाचक भावांनो, बहिणींनो, एक विनंती आहे. तुमच्याही घरात कपाटावर काहीतरी असेल. रॅकेट असेल, स्केटिंगचे बूट असतील, रंगांची पेटी असेल. ते तिथे कुणी ठेवलं आणि का ठेवलं, एवढं एकदा मुलीला विचारून बघा. आणि तिच्याबरोबर आणखी कुणाचा खेळ थांबला असेल, तर त्या घरीही जाऊन या. भाषण नेऊ नका, नुसतं विचारा.

डिसेंबरमध्ये शहरातल्या एका स्पर्धेत दोघी खेळल्या. पहिल्याच फेरीत हरल्या. शेवटचा गुण मधून गेलेल्या चेंडूवर गेला. घरी येईपर्यंत रस्ताभर दोघी भांडत होत्या, तो चेंडू कुणाचा होता यावर. अम्मीजानने शेवटी तस्बीह थांबवून विचारलं, "दोघींपैकी ओरडलं कोण होतं?"

"दोघी," लेक म्हणाली. "एकदम."

"मग काही हरकत नाही," अम्मीजान म्हणाल्या.